गद्दाराला धडा, तीन मिनिटांत

३ मार्च, सकाळी ७
आजपासून सूड. सात वर्षं माझ्या रॅपला बीट बनवून देणारा माझा एकुलता एक दोस्त त्या चिमट्याबरोबर ट्रॅक काढून बसलाय. मला न विचारता! चिमटा म्हणजे एका यमकावर अख्खं गाणं ओढणारा माणूस. यापुढे या वहीत दोस्ताचं नाव गद्दार. संकल्प: एकवीस तारखेच्या शोमध्ये त्याच्यावर तीन मिनिटांचा ट्रॅक. त्याच्या मदतीशिवाय. भर हॉलमध्ये सालटी काढणार.

४ मार्च
वहिनीच्या कपाटात शिरून रेकॉर्डिंग. रजयांमुळे आवाज घुमत नाही. वहिनी म्हणाली, भाऊजी, शिव्या खुशाल द्या, इस्त्रीचे कपडे चुरगळू नका. बीट गद्दाराचीच, जुनी. शत्रूच्या दारूगोळ्याने शत्रूलाच उडवायचं. रेकॉर्ड केलेला टेक ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकला. फोल्डर आम्हा दोघांचा आहे, पण नवा काढायचा म्हणजे पासवर्ड आला. शिवाय तो आता कशाला बघतोय?

५ मार्च
चमत्कार! कालचा टेक आज जास्त चांगला वाटतोय. श्वासाची घरघर गायब. दुसऱ्या ओळीत मी चक्क तालात. राग मुरला की आवाजाला धार येते, हे माझं निरीक्षण.

८ मार्च
बीटखाली आता एक नवीन बास, म्हणजे जाड घुमारा, ऐकू येतो. हेडफोन जुनेच, म्हणजे माझे कान तयार झाले. त्या बासवर आठ ओळी एका दमात सुचल्या, तेही चष्म्याच्या दुकानात, कामावर. गिऱ्हाईकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली आणि मीच बडबडत सुटलो. मालक म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरं दुकान शोध. असो. कुणाच्याही मदतीशिवाय एकटा माणूस काय करू शकतो!

१२ मार्च
गद्दाराच्या टकलावर काल चार ओळी म्हटल्या होत्या. आज दोनच शिल्लक. खरं सांगायचं तर गेलेल्या दोन भरतीच्याच होत्या. फोल्डरलासुद्धा चव आहे. दादा म्हणाला, फाइल आपोआप बदलत नसते, कुणीतरी बदलतंय. दादा विमा विकतो, त्याला कलेतलं काय कळतं.

१६ मार्च
फोल्डरमध्ये चिठ्ठी. गद्दाराची! तिसऱ्या कडव्यात माझा ताल सुटतो, ते पुन्हा म्हणून पाठव, असं लिहिलंय. शिवाय 'कंजूस' ऐवजी 'चिकट' घे, तालात बसेल. अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इतके दिवस तो माझा सूड दुरुस्त करत होता! नवा फोल्डर काढला. पासवर्डसकट.

१८ मार्च
कालचा टेक ऐकला. काल होता तितकाच वाईट. तीनदा ऐकला, मुरायचं नाव नाही. पुढची ओळही सुचत नाही. वहिनी म्हणाली, भांडायलासुद्धा दोघं लागतात भाऊजी, बोलवा त्याला. मेलो तरी बोलावणार नाही.

१८ मार्च, दुपार
बोलावलं. सूड व्यवस्थित व्हावा म्हणून.

२१ मार्च
शो झाला. मी पुढे, तो मागे कन्सोलवर. मी गद्दार म्हटलं की तो बीट थांबवायचा, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जावा म्हणून. टाळ्याच टाळ्या. खाली उतरल्यावर विचारलं, लागलं का. म्हणाला, पहिल्या दिवशी फार लागलं, म्हणून तर नीट करायला घेतलं. मग चिमट्याकडे का गेलास? म्हणाला, वर्षभर तू मला एक ओळ पाठवली नव्हतीस. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण नेमकं तेव्हाच लोक फोटो काढायला आले.

२३ मार्च
संकल्प: गद्दारावर दुसरा ट्रॅक, याहून जहाल. सकाळपासून कपाटात बसलोय. राग येईना. शेवटी त्यालाच फोन करून विचारलं, तुझ्यात अजून काय काय वाईट आहे. त्याने मन लावून अकरा गोष्टी सांगितल्या. सगळ्यात वाईट दोन मात्र चिमट्याला त्याच्या गाण्यासाठी देऊन झाल्यात म्हणाला.