धावल्याचा दाखला

हॅथर्सवेल, मंगळवार

प्रिय म्यूरिएलताईस,

धाकट्या क्लाइव्हचा आदरपूर्वक नमस्कार. तुझा खोकला थांबला असेल आणि क्लिफर्ड भावोजींची पाठ बरी असेल अशी आशा आहे. (पाठ बरी नसली तरी माझी हरकत नाही, कारण पुढे कळेलच.) माझे गुडघे झकास आहेत. डावा पाऊस येणार म्हणतो, उजवा त्याला खोटं पाडतो.

तर शनिवारी सेमीफायनलमध्ये मला मैदानाबाहेर काढलं. कुणी, तर रेफरी म्हणून मिरवणाऱ्या तुझ्या नवऱ्याने! गुन्हा काय, तर मी धावलो. आमच्या साठीपुढच्यांच्या फुटबॉलमध्ये फक्त चालायचं, हे तुला ठाऊक आहे. तीनदा धावताना सापडलं की लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याला बंदी. आणि पुढचा सामना म्हणजे फायनल! ज्याने तेरा वर्षं डाव्या कडेने धावून पोट भरलं, त्याला चालायला लावायचं म्हणजे तुला गप्प बसायला सांगण्यासारखंच. (रागावू नकोस.)

त्या तेरा वर्षांचा शेवट कसा झाला, आठवतं ना? मॅनेजर पिकरिंगने मला चहा पाजला आणि म्हणाला, "क्लाइव्ह, लेका, तुझ्याआधी आपला माळी रोलर ओढत गोलपर्यंत पोचतो." ते पेपरात छापून आलं. आज अडतीस वर्षं झाली, पण खाटकाच्या दुकानातसुद्धा लोक विचारतात, "काय क्लाइव्ह, रोलर बाहेर लावलास का?" मी हसतो. पण ताई, ते अजून लागतं.

असो. शनिवारी पहिल्यांदा सापडलो तो थ्रो घ्यायला जाताना. दुसऱ्यांदा, मैदानाकडेची टपरी बंद होत होती आणि एकच मटणाची पाई उरली होती म्हणून. (कडेला खेळण्याचा तेवढाच तर फायदा! पाईकडे जाणं फुटबॉलमध्ये मोजतात का, हे भावोजींना विचार.) शेवटची पाच मिनिटं उरली. समोर ब्रॅकनशॉ संघाचा जुना बचावपटू रॉय टॅटरसॉल, खुब्याचा सांधा नवा कोरा. तो ओरडला, "ये रे रोलर, सावकाश ये! तोवर मी चहा घेऊन येतो!"

तेवढ्यात चेंडू माझ्या पायाशी आला. मग चुन्याची रेघ, कानात वारा आणि जाळ्यात चेंडू, एवढंच आठवतं. भावोजींनी गोल रद्द केला आणि खिशातून लाल कार्ड काढलं. नंतर आमच्या गॉर्डनच्या पाठीला लागून चेंडू आत गेला आणि आम्ही जिंकलो, ती गोष्ट वेगळी.

मी धावलो नव्हतो, ताई. झपाझप चाललो. भावोजींना म्हणावं, चष्मा बदला. त्यांचा अहवाल गुरुवारी समितीकडे जातो. त्याआधी त्यांच्या कानावर घाल.

तुझा भाऊ,
क्लाइव्ह

ता. क. आल्याच्या केकचा डबा परत करतो आहे. रिकामा आहे.

दुसरा ता. क. बंदी उठवायला मात्र सांगू नकोस. फायनल मी बाकावर बसून बघेन. भावोजींनी अहवालात नुसतं 'नियमभंग' लिहिलंय म्हणे. त्याऐवजी 'क्लाइव्ह वेगाने धावला' असं स्वच्छ अक्षरांत लिहून एक प्रत मला द्यावी. फ्रेम आणून ठेवली आहे. 'वेगाने' लिहिताना हात जड होत असेल तर 'बऱ्यापैकी वेगाने' एवढंही पुरे. साक्षीदार म्हणून रॉय सही करायला तयार आहे. तो म्हणतो, त्याला फक्त माझी पाठ दिसली.