वहिनीचं चाडं

२१ सप्टें.
दादा-वहिनी मंठ्याला माझ्या फोटो स्टुडिओत आल्ते. पिशवीत वहिनीचं चाडं, मधोमध तडकलेलं. तिच्या वडलांनी बाभळीत कोरलेला हा वाडगा. तिफणीवर बसवायचा, वरून मुठीनं ज्वारी सोडायची, तीन छिद्रांतून, खालच्या तीन नळ्यांतून दाणे तीन ओळींत पडतात. गावात कुणाचीही पेरणी असो, मूठ धरायला हिलाच बोलावतात. ते म्हातारबा तर वारले. म्हणाली, "भावजी, जसंच्या तसं पायजे. जरा बी इकडंतिकडं न्हाई." हो म्हणालो.

२३ सप्टें.
मोबाईलनं चहूबाजूंनी १८६ फोटो, ते जोडून कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करायचं. तेल पिऊन लाकूड काळं, चकचकीत. उजेड परततो न् मॉडेलमध्ये खड्डे पडतात. तांदळाची पिठी शिंपडून पुन्हा सगळं. बायको म्हणे, "पूजा मांडली का?" मान अवघडली. छिद्रांत टॉर्च मारून वेगळे ४०.

२४ सप्टें.
कॉम्प्युटर सकाळपासून घरघरून राह्यला. चार वाजता मॉडेल उभं राहिलं. पटाशीचा एकेक घाव दिसतो. कुठल्या क्लासला गेलो न्हाई, पाहून पाहून शिकलो.
एक खटकलं. मधल्या फणाचं छिद्र दोन मि.मी. बारीक. आतले फोटो धूसर होते, त्यानं चुकलं असणार. न्हाईतर म्हातारबांचा हात हलला. तिन्ही सारखी केली. आता कसं बराबर दिसतं.

२९ सप्टें.
जालन्याला दरवाजे कोरायच्या मशीनवर बाभळीतच कोरून घेतलं. मशीनवाला, "काका, एवढी मोठी पणती?" तडकलेलं माझ्याकडंच.

४ ऑक्टो.
पेरणी झाली. दादा तिफणीमागं, वहिनीची मूठ. चाडं चाचपून म्हणाली, "बापाच्या हातचंच वाटतं." घरी येईस्तोवर तेच कानात.

१२ ऑक्टो.
उगवण बघायला गेल्तो. वावरभर मधली ओळ दाट, बाजूच्या विरळ. दादा म्हणाला, "पुढल्या साली ट्रॅक्टरच सांगू."
वहिनी बांधावर बसून बोटं मिटून उघडून बघत होती. "मूठ गेली माझी, भावजी. चाडं तर बराबर हाय, तुमी केलंय."
चहा घेतला, आलो.

१३ ऑक्टो.
जुन्या चाड्याला व्हर्निअर लावून छिद्रं मोजली. मधलं छिद्र दोन मि.मी. बारीकच. घाव साफ, मुद्दाम केलेला. मधली नळी सरळ उभी, दाणा जास्त ओढते. बाजूच्या तिरप्या. म्हातारबांनी ते हिशोबात धरलं होतं. फोटोत मला दिसलं, मी पुसलं. व्हर्निअर खणातच होता. मोजायला एक मिनिट लागलं असतं.

१७ ऑक्टो.
दुसरं कोरून आणलं, दोन मि.मी. सकट. गुपचूप बदलून टाकू? दादाचा फोन: शेजारच्या वावरात करडई पेरायला बोलावलं, तर वहिनीनं न्हाई म्हणून सांगितलं. म्हणजे चाडं बदलून काय होणार.

१९ ऑक्टो.
गावात आलो. तिन्ही चाडी ओट्यावर मांडली न् सांगितलं. चूक माझी, मूठ तुमची ठीक हाय.
वहिनी हसली. "मला बरं वाटावं म्हणून बोलून राह्यलात. अन् तुमचं माप चुकतंय व्हय?"
पुन्हा सांगितलं. व्हर्निअर लावून दाखवला. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे, कशाला सगळं सोतावर घेतो?" इतकी वर्षं मी माझ्याच कामात बारीकसारीक चुका काढत आलो, आता खरी चूक बी कुणाला खरी वाटंना.
मंग तिन्ही चाडी तशीच ओट्यावर ठेवली.
वहिनी भाकरीचं पीठ मळता मळता बाहेर आली. हात पदराला पुसला. वडलांच्या चाड्यात करंगळी घातली, तीनदा. मंग माझ्या पहिल्यात. करंगळी मधल्या छिद्रात जरा जास्तच राहिली. माझ्याकडं बघितलं न्हाई. आत गेली.
शेजारी करडईची तिफण सकाळी जुंपणार. वहिनी मूठ धरायला जाते का ते बघायला मी मुक्कामाला राह्यलो.