हाडांत चुना भरण्याचा माझा प्रयोग

६ नोव्हेंबर १८८७, कोपरी, ठाणे

आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. माझ्या प्रोग्रेसची नोंद मला असावी, एवढाच हेतू.

आमच्या मीठ खात्यात इन्स्पेक्टरची एक जागा उन्हाळ्याआधी रिकामी होते आहे. उमेदवार दोनच, मी आणि रघुनाथ. सर्व्हिस माझी जास्त, अक्षर माझं चांगलं. अडचण एकच. इन्स्पेक्टरला घोड्यावर बसून मिठागरं पाहत फिरावं लागतं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी साहेब आम्हा दोघांना बसवून पाहणार आहेत.

घोड्याची मला भीती वाटत नाही. पडण्याची वाटते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणी कल्याणला पेरूच्या झाडावरून पडून हात मोडला होता. तेव्हापासून हे मनात बसलं आहे. म्हणजे खोट धैर्यात नाही. हाडांत आहे.

९ नोव्हेंबर

सापडलं! आज लायब्ररीत शरीरशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक चाळलं. हाड जाळलं तर मागे जे राहतं त्यात मुख्य भाग चुन्याचा. भिंतीला चुना, भिंत पक्की. हाडाला चुना, हाड पक्कं. इतकी सोपी गोष्ट आजवर ठाण्यात कुणाला सुचू नये याचं नवल वाटतं.

बेत : खाडीच्या शिंपल्यांचा चुना पाण्यात कालवायचा, तळाशी बसू द्यायचा, वरची स्वच्छ निवळी काढायची आणि दुधातून घ्यायची. सकाळ-संध्याकाळ. खाडा नाही.

कलावतीला सांगितलं. ती म्हणाली, पानाला लावलेला चुना इकडून रोज खाणं होतंच की, तो कुठे जातो? मी म्हटलं, तो जिभेवरच खर्च होतो, हाडांपर्यंत पोचत नाही. तिला पटलं असावं. हसत होती.

१० नोव्हेंबर

तोंड भाजलं. निवळी बसायच्या आधीच घेतली. चुना फारच ताजा होता, त्याला मी काय करणार?

१९ नोव्हेंबर

रूटीन लागलं. घरात येतं तेवढं दूध मला पुरेसं होतं. कलावतीला सहावा महिना आहे, तेव्हा तिलाही थोडं ठेवावं असं मनात आलं होतं. तसं विचारलं. ती म्हणाली, इकडून घ्यावं. म्हणजे तिला दूध आवडत नाही. बरंच झालं.

४ डिसेंबर

पोट साफ नाही. बरेच दिवस झाले. आधी काळजी वाटली, मग विचार केला, शरीर आता काही बाहेर टाकायलाच तयार नाही. सगळं साठवतं आहे. उत्तम लक्षण.

तहान फार लागते. ऑफिसातलं मडकं मी एकटाच रिकामं करतो अशी तक्रार आहे. तक्रार रघुनाथची.

२१ डिसेंबर

अंग जड. भूक नाही. दुपारी टेबलावर डोकं टेकलं ते हेडक्लार्कच्या खाकरण्याने उचललं. हा जडपणा हाडं भरत आल्याचा आहे. खात्री करावी म्हणून गोदामातल्या मिठाच्या काट्यावर बसलो. वजन दिवाळीपेक्षा कमी भरलं.

काटा बिघडला आहे. तसा रिपोर्ट करणार आहे.

१ जानेवारी १८८८

इंग्रजी नवं वर्ष. शुभारंभ म्हणून परशुराम पाटलांच्या मिठागरावर जाऊन त्यांच्या तट्टावर बसलो. परशुराम माणूस मोकळा. म्हणाला, बसा साहेब, गरीब जनावर हाय.

बसलो. तट्टू अजिबात हललं नाही. इतका कंट्रोल पहिल्याच दिवशी! मग ते हललं. मी उतरलो. एका दिवसाला एवढं बस.

११ जानेवारी

स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्यांमागे भिंतीचा चुना एका जागी खरवडलेला दिसला. पालींचं काम वाटलं. आज पाहतो तो कलावती! नखाने पोपडा काढून तोंडात टाकत होती. मला पाहून हात पाठीमागे घेतला, लहान मुलीसारखा.

मी सौम्य शब्दांत समज दिली. चुना ज्याला घोड्यावर बसायचं त्याच्यासाठी. तुला कुठे बसायचं आहे? ती म्हणाली, मला कळत नाही हो, पण खावासा वाटतो, भिंतीचा नुसता वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणाली, उठता-बसता. मी म्हटलं, कमी उठत-बसत जा.

डोहाळे असतात बायकांचे. कुणाला चिंच, कुणाला भिंत.

१५ जानेवारी

सासूबाई, ठमाबाई, कल्याणहून आल्या. लेकीच्या बाळंतपणापर्यंत राहणार. सोबत सुकट, जवळा, नाचणीचं पीठ आणि स्वतःची मतं. सकाळी दुधाचा तांब्या माझ्याकडे येताना त्यांनी पाहिला. पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. दूध घशाखाली उतरेना. उतरवलं.

२३ जानेवारी, सायंकाळी

काल लिहिता आलं नाही. काल मी जमिनीवर होतो.

सकाळी पाठीच्या डाव्या बाजूला कळ आली. ती कमरेतून खाली जांघेत उतरली, थांबली, पुन्हा वर चढली. बसवेना, निजवेना. मी कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली ते आठवत नाही. सासूबाई म्हणतात, काही देवांची नव्हती.

दवाखान्यातले डॉक्टर आले. मूतखडा, म्हणाले. आहार काय असतो? मी कण्हत कण्हत, पण जरा अभिमानानेच, सगळी पद्धत सांगितली. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नव्या पद्धतीने माणूस थक्क होतोच.

मग म्हणाले, अहो, चुना खाल्ला की हाडात जातो हे तुम्हाला कुणी सांगितलं? रक्तात चुना ठरावीकच राहतो. फार कमी नाही, फार जास्त नाही. कमी पडला तर शरीर हाडांतून काढून घेतं. जास्त झाला तर लघवीवाटे बाहेर टाकतं. तुम्ही वरून ओतत राहिलात, ते खालून काढत राहिलं, आणि वाटेत खडा धरला. तुमच्याच खाजणात बांधाला उघाडी असते ना, पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला? तसंच.

मी विचारलं, पण ही उघाडी उघडतो-मिटतो कोण? ते म्हणाले, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. आत कुणीतरी आहे, आणि तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे.

असा कारकून खात्यात असता तर त्याला केव्हाच प्रमोशन मिळालं असतं, असं माझ्या मनात आलं. कळ पुन्हा आल्यामुळे बोललो नाही.

जाता जाता डॉक्टरांची नजर कलावतीकडे गेली. दूध कोण पितं या घरात, म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, मुलाची हाडं काय हवेतून होणार? आईच्या पोटात चुना गेला नाही तर आईच्या हाडांतून जाईल. दूध तिला द्या.

खडा आज पडला. केवढासा! एवढ्याशासाठी इतका आवाज केला असं सासूबाईंना वाटत असेल.

२४ जानेवारी

दुधाची वाटणी केली. अर्धं मला, अर्धं कलावतीला. सासूबाईंनी ती दुरुस्त केली. सगळं कलावतीला.

प्रयोग फसलेला नाही हे नमूद करतो. फक्त प्रमाण चुकलं. निवळीची बाटली माळ्यावर ठेवली आहे. तात्पुरती.

१५ फेब्रुवारी

मुलगी झाली. बारीक आहे, आवाज बारीक नाही. कलावती फार थकली आहे. मी खोलीच्या दारातून पाहिलं. तिने विचारलं, बरी आहे ना हो? मी म्हटलं, उत्तम आहे, हाडापेराने चांगली आहे. मला त्यातलं थोडं कळतं.

परीक्षेची तारीख लागली. सत्तावीस.

२४ फेब्रुवारी

तट्टावर बसून अख्ख्या बांधाला एक फेरी! परशुरामाने लगाम धरला होता, पण तो तट्टाला धीर यावा म्हणून. तोच म्हणाला, आता काय साहेब, झालात इन्स्पेक्टर. परीक्षेच्या दिवशी तट्टू घरी पाठवून देतो म्हणाला. मनाने मी आता तयार आहे. हाडांचं काय ते हाडं पाहतील.

रघुनाथ रोज खोपटच्या रस्त्याला दौड करतो म्हणे. करू दे. दमेल.

२७ फेब्रुवारी

सकाळी कपडे करून निघत होतो. कोट, पायांना पट्ट्या, सगळं. तेवढ्यात खोलीतून सासूबाईंची हाक आली. पळा हो, जावईबापू.

कलावती मुलीला पाजत बसली होती. तिचे दोन्ही हात मनगटापासून आत वळले होते. बोटं एकमेकांना चिकटून ताठ, अंगठे तळव्यात गेलेले. उघडता येत नव्हते. ओठांना मुंग्या येतात म्हणाली. मग म्हणाली, अहो, हे हात माझे वाटत नाहीत, मुलगी पडेल, तिला घ्या. घ्या ना!

मी मुलीला घेतलं. सासूबाईंकडे दिलं आणि धावलो. कोपरीतून रेल्वेचं फाटक ओलांडून दवाखान्यापर्यंत, त्या पट्ट्यांसकट. वाटेत लोक थांबून बघत होते. डॉक्टरांना घेऊन परत आलो तेव्हा दारात बांधलेलं परशुरामाचं तट्टू दिसलं. ते सकाळपासून तिथेच होतं. माझ्या लक्षातच आलं नाही.

सासूबाईंना बाहेरची बाधा वाटत होती. त्या अंगारा शोधत होत्या. डॉक्टर म्हणाले, बाधा नाही, फेफरंही नाही. दुधावाटे मुलगी आईचा चुना ओढते आहे आणि हाडांतून तो तेवढ्या वेगाने निघत नाहीये, असं मला वाटतं. रक्तात तो कमी पडला की स्नायू असे आवळत असावेत. छातीठोक सांगत नाही. पण दूध द्या, नाचणी द्या, मासळी द्या. ही खिडकी उघडा, ऊन येऊ द्या. आणि घरात चुन्याची निवळी कुठे मिळेल का?

मी माळ्यावर चढलो. माझी पद्धत सरकारी डॉक्टरांनी मान्य केली, याची इथे नोंद करतो.

बाटली उतरवताना थोडी सांडली. बूच नीट बसलं नव्हतं. दुधात घालून चमच्याने मीच पाजली, कारण सासूबाईंच्या हातात मुलगी होती. एकेक बोट सरळ करायचो, ते पुन्हा वळायचं. पुन्हा सरळ करायचो. कलावती म्हणाली, राहू दे, इकडे त्रास होतो. मी म्हटलं, मला काय त्रास? दुसरं काम काय आहे मला?

उतरत्या उन्हाला बोटं सैल पडली. तिने माझं बोट धरून पाहिलं, धरता येतं का म्हणून. आलं.

२८ फेब्रुवारी

काल परीक्षा होती.

रघुनाथ बसला. साहेब खूश झाले म्हणे. मध्ये एकदा पडलासुद्धा, पण लगेच उठून पुन्हा बसला. हाडं चांगली असावीत.

मी नापास झालेलो नाही. गैरहजर आणि नापास यांत फरक आहे. हेडक्लार्कने कारण विचारलं. मी म्हटलं, घरी काम होतं. तो म्हणाला, इतकं मोठं? मी म्हटलं, हो.

कलावतीने विचारलं, काल इकडून कुठेतरी जाणं होतं ना? कपडे केले होते. मी म्हटलं, छे, सहज.

११ मार्च

ऑर्डर निघाली. रघुनाथ पेढे घेऊन घरी आला. मी दोन खाल्ले. चांगले होते. परशुरामाचं तट्टू त्यानेच विकत घेतलं. तसं ते जनावर मला पसंत नव्हतंच, फार शांत.

बारसं झालं. नाव तुळसा. माझ्या मनात दुसरं नाव होतं. कुणी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही.

हात परत वळले नाहीत. कलावतीला नाचणीची आंबील, दूध, सुकट, सगळं चालू आहे. बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचं नाही हा सासूबाईंचा जुना नियम होता. तो त्यांनीच मोडला. रोज सकाळी लेकीला आणि नातीला परसात उन्हाला बसवतात. उन्हात बसली की कलावतीचा चेहरा आता बरा दिसतो.

२५ मार्च

आज सुट्टी. चुन्याचा सगळा सिद्धांत कलावतीला एकदा पद्धतशीर समजावून सांगायचा असं बरेच दिवस मनात होतं. रक्तात तो मापात कसा राहतो, हाडं कशी देतात आणि कशी परत घेतात, आणि या विषयाकडे ठाण्यात प्रथम लक्ष कुणाचं गेलं. चार मुद्दे काढले होते. ती परसात बसली होती. मुलगी मांडीवर, डोळे मिटलेले, दोघींचेही. मी समोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि पहिल्या मुद्द्याला सुरुवात केली.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, जरा बाजूला व्हा. तिच्या उन्हात येताय.

झालो.