स्टँडला नाव कुणाचं

आई, आपल्या एस.टी. स्टँडला तुझं नाव द्यायचं चाललंय. तुझं किंवा आप्पांचं. गेला महिनाभर गावात दुसरा विषय नाही. मोठ्या शहरांत विमानतळाला कुठल्या माजी महापौराचं नाव द्यायचं यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, ते आपण टीव्हीवर बघतो. आपल्याकडे विमानतळ नाही, म्हणून आपण स्टँडवर भागवलं. भांडण मात्र तेवढंच मोठं. जागा नगरपरिषदेनं दिलेली, त्यामुळे ठराव इथून करून वर पाठवायचा, असं ठरलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं. यंदा निवडून आलेल्यांत एक तरुण मुलगी आहे. तिनं सभेत विचारलं, गावाच्या पहिल्या बाई नगराध्यक्षांचं नाव गावात एका गटारावरसुद्धा का नाही? त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की बाई फक्त सही करायच्या, कारभार नवऱ्याचा, आप्पांचा होता. हसले म्हणे सगळे. मग ठरलं की घरच्यांना विचारू.

घरचे म्हणजे दादा आणि मी. मी नेरळला, आमच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली, समोर खोकल्याचं गिऱ्हाईक उभं, आणि दादाचा फोन. म्हणाला, रविवारी ये, बोलायचंय. दादा वाईट नाही गं. रोज सकाळी आप्पांना आंघोळ घालतो, त्यांच्या पायाची नखं कापतो, मला हे जमलं नसतं. पण त्याचं ठाम मत आहे की नाव आप्पांचंच हवं. तो म्हणतो, आईचं नाव दिलं तर लोक तोंडावर टाळ्या वाजवतील आणि मागं हसतील, ते मला बघवणार नाही. आणि त्याच्याकडे पुरावा आहे, तो सगळ्या गावाकडे आहे: आप्पांचं मारुतीच्या देवळातलं भाषण. स्टँड बाहेर फाट्यावर न्यायचं जवळजवळ ठरलं होतं, गाड्यांना सोयीचं म्हणून. तेव्हा आप्पा उठले आणि म्हणाले, "आमच्या बायांनी डोक्यावर वझं घेऊन चालायचं काय?" टाळ्या पडल्या, हवा फिरली, स्टँड गावात बाजाराजवळ आलं. हे वाक्य आजही लोक तोंडपाठ म्हणतात. तू त्या सभेत खुर्चीवर बसली होतीस, डोक्यावर पदर, आणि एक शब्द बोलली नाहीस. मी बायकांत पुढं बसले होते. इतकं उकडत होतं की तू सारखी पदरानं मान पुसत होतीस.

रविवारी जेवायला बसलो तर दादानं नवीनच अडचण सांगितली. हयात माणसाचं नाव देता येत नाही, असं नगरपरिषदेतल्या साहेबांनी कळवलं होतं. आप्पांच्या बाजूचे लोक म्हणत होते की मग घाई कशाला, थांबू की थोडं. हे सांगताना दादाच्या लक्षातच आलं नाही आपण काय बोलतोय. आप्पांना ऐकू कमी येतं असं आम्ही सगळे धरून चालतो. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला आणि म्हणाले, "कशाला थांबताय? मी मरावं म्हणून? खुशाल थांबा. मला काय घाई नाय." वहिनी कढीचं भांडं उचलून आत गेली ती हसायलाच. दादाचा चेहरा मात्र एवढासा झाला. मग मी विचारलं, आप्पा, स्टँड गावात आणायचं ठरवलं कुणी? त्यांनी भात पुन्हा कालवायला घेतला. म्हणाले, भाषण आठवतंय, बाकीचं काही आठवत नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. एखादी गोष्ट आठवते आणि वाटतं, हे बघ, तूच होतीस. लगेच तिच्या पाठीवर दुसरी आठवते आणि सगळ्यावर पाणी पडतं. शाळा सुटली की मी ऑफिसात यायचे, तुझ्यासाठी घरून डबा घेऊन. मोठ्या खुर्चीत तू बसलेली असतेस, बाजूच्या लाकडी खुर्चीत आप्पा. येणारा माणूस नमस्कार तुला करतो आणि बोलतो आप्पांशी. तू कागद वाचत असतेस, सावकाश, ओठ हलवत, आणि वाचून होईपर्यंत आप्पांना आणि त्या माणसाला गप्प बसावं लागतं. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, तू खरंच वाचत होतीस की मान खाली घालून बसायला कागद बरा पडत होता? सातवी पास बाई, एकाएकी एवढ्या पुरुषांत. आप्पांनी निवडणुकीची सगळी तयारी स्वतःसाठी केली होती, आरक्षणाची चिठ्ठी निघाली बायकांची, आणि उभी तू राहिलीस. तुला कुणी विचारलं होतं का, हेही मला माहीत नाही.

एकदा मी शाळेत मिरवले होते. गॅदरिंगला पुढच्या रांगेत जागा पाहिजे म्हणून बाईंना सांगितलं की माझी आई नगराध्यक्षा आहे. ते तुझ्या कानावर आलं. संध्याकाळी तू मला मोरीपाशी उभं केलंस. मारलं नाहीस, पण तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. "मी कोन नाय. खुर्ची हाय ती. चिठ्ठीनं आली, चिठ्ठीनं जाईल. तू तुझ्या जागेवर बसायचं." मी रडले. तेव्हा मला वाटलं, ही किती मोठ्या मनाची. दादाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, बघ, ती स्वतःच म्हणायची मी कोणी नाही. एकाच वाक्यातून आम्ही दोघं दोन बाजूंनी बाहेर पडलो.

आणि तो उद्घाटनाचा फोटो. मंत्री फीत कापतायत, त्यांच्या खांद्याला खांदा लावून आप्पा, आणि कात्रीचं तबक हातात धरून तू. गावची नगराध्यक्षा, आणि तबक धरायला. दादा म्हणतो, यात सगळं आलं. मला त्या फोटोचा राग येतो, आप्पांचा येतो, त्या मंत्र्याचा येतो आणि खरं सांगू, तुझाही येतो. तबक कुणाच्याही हातात देता आलं असतं. तू मात्र हसतेयस, अगदी मनापासून, तसं हसताना मी तुला लग्नकार्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या रात्री तू कापलेल्या फितीचा तुकडा मला वेणीला बांधायला दिलास, लाल सॅटिनचा, आणि म्हणालीस की शाळेत कुणी विचारलं तर सांग, आमच्या स्टँडचा हाय. आमच्या म्हणालीस. मोरीपाशी मला झापणारी तूच. मग पाच वर्षं संपली, तू खुर्ची सोडून घरी आलीस, पायरीवर बसून "सुटले गं" म्हणालीस आणि दुपारभर झोपलीस. यातलं कुठलं धरू? दमलेला माणूसही सुटलो म्हणतो, अडकवलेलाही.

मध्येच एकदा मी दादाकडे असताना मावशीचा फोन आला, तुझ्या माहेराहून. ती आता खूप थकलीय, पण कुठून तरी बातमी लागते तिला. म्हणाली, नाव देताय ते द्या, पण जे देताय ते तिचं नव्हंच. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं ते नाव. आमच्यात ती मरेपर्यंत पहिल्याच नावानं होती. मला हे माहीत होतं आणि तरी कधी डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणजे पाटीवर येणार ते सासरनं दिलेलं नाव, मध्ये आप्पांचं नाव, शेवटी आप्पांचं आडनाव. हे ऐकून दादा एकदम खूश झाला. म्हणाला, मग होऊ दे की आईचं, आप्पा मध्ये आहेतच. मी चिडले. इतकी चिडले की न जेवता नेरळला परत निघाले, आणि रिक्षात बसल्यावर मला कळेना की मी चिडले कुणावर. दुसऱ्या दिवशी दादानं फोन करून पुन्हा शब्द फिरवला. म्हणाला, नाही, लोक हसतील, थांबूच. आप्पांना मात्र सांगू नको.

सभेच्या आदल्या दिवशी मी शेवळांची रानभाजी साफ करत होते. चिंच-काकड्याची पानं टाकून शिजवली नाहीत तर घसा धरतो, हे तूच शिकवलेलं, आणि मी पानं चिरताना एकाएकी तुझं स्वयंपाकघर समोर आलं. तू तांदळाची भाकरी थापतेयस. मागच्या दारात डोंगरातल्या वाडीवरची ठाकरीण बसलीय, पुढ्यात शेवळांची पाटी, हातात तू दिलेला चहा. पलीकडे ओट्यावर आप्पा दाढी करतायत, आरसा खुंटीला. तू तव्यावरची भाकरी उलटतेस आणि तिला म्हणतेस, "स्टँड फाट्यावर गेलं तर तुमी काय डोक्यावर वझं घेऊन गावापर्यंत चालायचं?" ती काहीतरी म्हणते, ते मला आठवत नाही. पण तुझा आवाज, भाकरीचा वास, आप्पांच्या गालावरचा साबण, सगळं लख्ख. हातातली सुरी मी तशीच खाली ठेवली. म्हणजे ते तुझं होतं! सगळं गाव ज्याला आप्पांचं म्हणतं ते तुझ्या तव्यावरचं होतं. मी रडले, आई. आमचे हे दुकानातून आले, त्यांना वाटलं शेवळांनी हात खाजतायत.

सभेला सभागृह भरलं होतं. दादानं आप्पांना आणलं होतं, पहिल्या रांगेत, टोपी घालून. आधी दोघं-तिघं आप्पांच्या बाजूनं बोलले आणि प्रत्येकानं ते वाक्य म्हटलंच. ते वाक्य आलं की आप्पा मान हलवायचे, कुणी ओळखीचं भेटल्यासारखे. मग मला बोलावलं. मी स्वयंपाकघर सांगितलं. भाकरी, ठाकरीण, आरसा, साबण. मी म्हणाले, "ते वाक्य आधी माझी आई बोलली. मी तिथं होते. मी ऐकलं." एवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरचं कोणी हसलं नाही. ती तरुण मुलगी डोळे पुसत होती. दादा माझ्याकडे बघत राहिला, रागानं नाही, काहीतरी हरवल्यासारखा. तुझ्या नावाचा ठराव एकमतानं झाला. हात वर करणाऱ्यांत, मतदानाचा हक्क नसताना, आप्पांचाही हात होता.

घरी जाताना रिक्षात मी आणि आप्पाच होतो, दादा मागून गाडीवर येत होता. आप्पा बाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरंच तिनं म्हटलेलं काय गं ते?"

मी हो म्हणाले.

"मला वाटायचं माझ्याच डोक्यातलं हाय." मग म्हणाले, "मंग बरं झालं." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं तोंड इतकं लहान दिसलं की मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला नाही. त्यांच्याकडे आयुष्यातली एकच गोष्ट होती जी सगळ्या गावाला पाठ होती. ती मी भर सभेत काढून घेतली आणि तुला दिली. बायकोची असेल तर द्यायलाच हवी, हे मला पटतं. असेल तर.

पाटी पुढच्या महिन्यात लागेल. हे लिहिलेलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही, दादाला तर नाहीच. तुला तरी सांगते. शेवळं होती म्हणजे पावसाआधीचे दिवस. सभेतही उकडत होतं, म्हणजे तेही त्याच दिवसांतलं. तू ते वाक्य ठाकरणीला सभेच्या आधी म्हणालीस, आणि आप्पांनी दाढी करता करता ऐकलं? की सभेच्या दुसऱ्या दिवशी, नवऱ्याचं भाषण गाजलं म्हणून कौतुकानं तेच तिला ऐकवत होतीस? मी किती डोळे मिटून बघितलं. भाकरी दिसते, साबण दिसतो, वार दिसत नाही. सभागृहात उभी राहिले तेव्हाही मला हे माहीत नव्हतं. आधी कोण बोललं ते मला आठवत नाही, आई. मी तुला आधी बोलू दिलं.