तुकड्यांच्या पोत्यातले अख्खे गर

आये, काल नांदगावजवळच्या एका काजूच्या कारखान्यातलं काम संपलं आणि सगळ्यांत आधी तुला सांगावंसं वाटलं. माल चोरीला जातो म्हणून मालकाने मला बोलावलं होतं. चौकश्या करणं हाच आता माझा धंदा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लोकांच्या भानगडीत नाक घालूचे पैशे गावतत तुका?" मिळतात गो. बरे मिळतात.

फाटकाशी पोचले तर तेच जुनं चित्र. काजू सोलणाऱ्या बायका रांगेत उभ्या राहून पदर झाडून दाखवतायत. माझं डोकंच फिरलं. मालकाला म्हटलं, आधी ही झडती बंद करा, मग गाडीत चढणारा माल बघू. तो कुरकुरला, "बायकाच नेतत हो. आणखी कोणाचो हात लागता गराक?" तिसऱ्या दिवशी मी स्वस्तातला तुकडा म्हणून चाललेलं एक पोतं उघडायला लावलं. वर चार बोटं तुकडे, खाली सगळे अख्खे गर. मुकादम आणि माल घेणारा व्यापारी, दोघांचं संगनमत. इकडे बायकांचे पदर तपासत बसले आणि माल पावतीसकट, राजरोस, टेम्पोत बसून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मालक ओशाळला. निघताना एका म्हाताऱ्या बाईने माझा हात धरून विचारलं, "म्हणजे आता आमी चोर नाय मा?" मला तिथे उभं राहवेना.

तू काजू सोलायला जायचीस तेव्हा तुझ्या कारखान्यात कोणी पोती उघडली नाहीत. गर कमी भरले म्हणून तुझ्यावर आळ घेतला आणि तुला घरी पाठवलं. काजूच्या तेलाने काळवंडलेल्या हातांनी तू आचऱ्याच्या आपल्या घरात शिरलीस, पिशवी खुंटीला अडकवलीस आणि कळशी घेऊन विहिरीवर गेलीस. तू वळणाआड जाताच मी ती पिशवी काढते, उपडी करते. पान, चुना, हातांना लावायच्या राखेची पुरचुंडी. बस्स, एवढंच. मान वर करते तर तू दारात.

"काय सोधतंस गो?"

"सुई," मी म्हणते.

कळशी ठेवलीस, फळीवरच्या डब्यातून सुई काढून माझ्या हातात दिलीस आणि पिशवी पुन्हा भरायला बसलीस.

हे पत्र कुठे पाठवणार? कपाटात ठेवते. मी आधी कुणावर संशय घेत नाही म्हणून लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. आये, त्या दिवशी मी सुई शोधत नव्हते.