टपावरची सायकल

रविवार, संध्याकाळ

मनुष्यजन्म दुर्लभ खरा, पण मोटारीवर सायकल बांधायचा धड स्टँड मिळणं त्याहून दुर्लभ. मागे टांगायचा घेतला तर नंबरप्लेट झाकते. तीन आठवडे चिंतन करून मी टपावरचा घेतला. लेक मुक्ता तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, वर सायकल आहे हे लक्षात राहील ना?" मी म्हटलं, "शेकडो सुभाषितं पाठ आहेत, त्यात एका सायकलीचं काय ओझं?"

आज तिला घेऊन, तिची सायकल टपावर घालून गंगापूर धरणावर गेलो. परत येताना इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सवयीने वळलो. वॉचमन नामदेव शिट्टी फुंकत समोरून धावत आला. मला वाटलं, नेहमीसारखी जागा दाखवतोय. पार्किंगच्या छताची तुळई सायकलला लागली. सायकलचं हँडल मोडलं, टप फाटला.

मी उतरलो आणि नामदेवच्या थोबाडीत मारली. "तोंडाने सांगता येत नाही?"

"सर, मी शिट्टी मारत व्हतो ना..."

त्यावर दुसरी मारली. त्याचा ओठ फुटला, शिट्टी लांब उडाली. मुक्ताने ती उचलली, ओढणीने रक्त पुसून त्याच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "बाबा, त्यांनी सांगितलं होतं."

ती शिट्टी मलाही ऐकू आली होती.

सायकल दुरुस्त होईल. उद्या माफी मागेन, तो "जाऊ द्या सर" म्हणेल. पहिली थप्पड रागाची होती. दुसरी मारताना मला बरं वाटलं. भीती वाटते ती त्या बरं वाटण्याची.