दुसरी गोळी दुपारी तीनलाच

आदरणीय व्याहीबुवा,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण हल्ली वाकून उठलो की खोली माझ्याभोवती एक फेरी मारून येते, म्हणून बसल्या जागेवरून, पण अगदी मनापासून नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा आता काय म्हणतो? त्यांना आमच्या हिचा निरोप, की शेक द्यायचा सोडू नका आणि व्याह्यांचं ऐकू नका. (दुसरा भाग माझाही समजावा.) तुमची झोप, तुमचं पोट, तुमचा शेजारी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. धरून चालता येत नाही ती तुमची छाती. या पत्राचा विषय तोच.

काल फोनवर मी तुम्हाला म्हणालो, की छातीची दुसरी गोळी रात्री आठला घेऊ नका, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे दुपारी तीनलाच घ्या. त्यावर तुम्ही काय म्हणालात? "रात्री आठचा हुकूम तुमचाच होता. तो रद्द करायचा तर कारणासह लेखी द्या." बत्तीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढलेल्या माणसापुढे मी काय बोलणार! विहीणबाई म्हणतात ते खोटं नाही, घर पेटलं तरी तुम्ही आधी अर्ज मागाल. तर हे घ्या लेखी. सूनबाई सकाळच्या बसने निघते आहे. आपल्या वडिलांच्या हातात दुपारी तीनच्या आत पत्र पडलंच पाहिजे, असं तिला बजावलं आहे. का, ते तिला सांगितलेलं नाही. का, ते खाली येतंच आहे, आणि त्यात माझी शोभा काही वाढत नाही.

आपल्या दोघांना एकाच डॉक्टरांनी, एकाच नावाची गोळी, एकाच पद्धतीने लिहून दिली. मला आधी, तुम्हाला दोन महिन्यांनी. (त्या बाबतीत मी तुम्हाला वडील आहे.) सकाळी आठला एक, दुपारी तीनला एक. सुरुवातीचा आठवडा माझं डोकं असं ठणकायचं, जणू आत कोणी गजराचं घड्याळ लावून विसरून गेलंय. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या सैलावतात म्हणून होतं, ओसरेल, गोळी मनाने सोडू नका. ओसरलंही. छातीवरचा तो चिमटा गेला, जिने चढू लागलो, दुकानात बसून शीळसुद्धा घालू लागलो. इथंच थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

पण व्याहीबुवा, मी पडलो घड्याळजी. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण चिमट्याने आणि भिंगाने केलं. चाळीस वर्षं माझ्या कानाला एकच सवय: टिक जेवढी, टक तेवढीच. एका दुकानभर घड्याळांत एखाद्याचा लंबक डावीकडे जरा जास्त रेंगाळला, तर मी पाठमोरा असलो तरी मला कळतं आणि अंगावर काटा येतो. अशा माणसापुढे ती चिठ्ठी! आठ ते तीन सात तास, आणि तीनपासून पुन्हा आठपर्यंत सतरा तास! असं लंगडं घड्याळ घेऊन गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला आधी खुर्ची दिली असती आणि मग सांत्वन केलं असतं. मला वाटलं, डॉक्टर बिचारे घाईत असतील, दोनचार तासांची चूक कोणाच्या हातून होत नाही? त्यांना चारचौघांत सांगून कशाला लाजवा? म्हणून मी ती चूक गुपचूप दुरुस्त केली. सकाळी आठ, रात्री आठ. बारा तास इकडे, बारा तास तिकडे. काय तो तोल! आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून तुम्हाला ती गोळी सुरू झाल्याचं कळताच पुठ्ठ्याची चोवीस तासांची तबकडी कापून, तांबड्या शाईने समोरासमोर दोन खुणा करून, ती तुम्हाला पाठवून दिली. तुम्ही ती आरशाशेजारी लावलीत असं सूनबाई सांगत होती. ऐकून मला तेव्हा धन्य वाटलं होतं. आता कुठं तोंड लपवू असं झालंय.

दहाबारा दिवस गेले आणि जिना पुन्हा उंच झाला. मी आधी जिन्याला दोष दिला. मग चपलांना दिला. मग औषधवाल्याकडे जाऊन, माल जुना देतोस का रे, असं त्या गरीब माणसाला विचारून आलो. आणि काल सोमवारी एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यातल्या लंबकाच्या घड्याळाला दर सोमवारी मी किल्ली देतो, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या वळणावर छाती आवळली, दुसऱ्यावर डावा हात जड झाला. कसाबसा दारात पोचलो आणि खिशातून अडीअडचणीला जिभेखाली ठेवायची ती छोटी गोळी काढून तोंडात टाकली. उभ्याउभ्या! (डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं, आधी बसा, मग गोळी. ती बाटली, तिच्याच काळ्या काचेची, घट्ट झाकणाची, जवळ ठेवा, हेही सांगितलं होतं. तेवढं मात्र पाळलं, कारण मी गोळ्या स्क्रूच्या डबीत ओतत असताना आमच्या हिने माझा हात धरला होता.)

गोळी विरघळायला लागली तशी भिंत तिरकी झाली. समोर दिसली ती पहिली खुर्ची गाठून मी तिच्यात कोसळलो. ती दातांच्या डॉक्टरांची खुर्ची. ते गृहस्थ हात धुऊन वळले, खुर्चीत माणूस पाहिला, आणि सवयीने माझ्या गळ्यात फडकं बांधून दिवा ओढून म्हणाले, "हं, आ करा." मी मान हलवली. गोळी जिभेखाली, तोंड उघडलं तर ती पडणार. "घाबरू नका काका, नुसतं बघतो." मी ओठ आणखी घट्ट मिटले. "कुठला दुखतोय, वरचा की खालचा?" मी छातीवर हात ठेवला. ते म्हणाले, "तिथे दात नसतो हो." आणि मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या बाटलीकडे गेलं. त्या माणसाचा चेहराच बदलला. खुर्ची मागे केली, माझे पाय वर आले, एका हातात माझी नाडी धरली, दुसऱ्या हातात फोन. म्हणाले, पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलावतो, तुम्ही बोलायचं नाही. मी पाच मिनिटं बघायला भिंतीकडे पाहिलं, तर घड्याळ बंद! त्यालाच किल्ली द्यायला मी आलो होतो. शेवटी त्यांच्या मनगटावर बघत राहिलो. व्याहीबुवा, आयुष्यभर काट्यांशी खेळलो, पण चार मिनिटं एवढी लांब असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौथं सरता सरता छाती सुटली. मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? "तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे." ते गृहस्थ हसले नाहीत. तिथूनच सूनबाईला फोन करून बोलावलं आणि तिच्याबरोबर मला तुमच्या-माझ्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथं सगळं ओकावं लागलं. डॉक्टरांनी माझं बारा-बाराचं गणित ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाले, "काका, ती चूक नाही. तो मोकळा वेळ मी मुद्दाम ठेवलाय. हे औषध अंगात चोवीस तास राहिलं की अंग त्याला सरावतं, मग ते असून नसून सारखंच. रात्रभर त्याला बाहेर ठेवायचं, म्हणजे सकाळी पुन्हा दाद देतं. तुम्ही घड्याळाला किल्ली देता, तर दिवसभर पिळतच बसता का?" एवढ्या साध्या भाषेत त्यांनी आधीच सांगितलं असतं तर, असं म्हणणार होतो, पण मी आधी विचारलं कुठे होतं? पुढे ते म्हणाले, "बरं, हा उपद्व्याप तुमच्यापुरताच ना?" व्याहीबुवा, तेव्हा मला आरशाशेजारची तबकडी दिसली. सूनबाई शेजारीच बसलेली. मी "हो" म्हणालो. घरी आलो, चहा पुढे आला, तो तसाच ठेवला. सरळ उठलो आणि तुम्हाला फोन लावला.

तर कारणासह लेखी आदेश असा: तबकडी फाडा. आजपासून सकाळी आठ आणि दुपारी तीन, चिठ्ठीत आहे तसंच. राहिलेली भरून काढायला एकदम दोन घेऊ नका, आणि घाबरून बंदही करू नका. परवा फोनवर तुम्ही सहज म्हणालात ना, हल्ली अंगणात फिरताना मध्येच थांबावं लागतं, वय झालं? वय नाही हो झालं. तो मी आहे. डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा, माझं नाव घेऊन सांगा. मी माझं खोटं आजच त्यांच्याकडे जाऊन परत घेणार आहे.

तुमचा (लाज वाटत असूनही तुमचाच)
व्याही

ता. क. हा मजकूर वेगळ्या कागदावर, दुमडून, पाकिटाच्या आतल्या पाकिटात आहे. कारण उघड आहे, पत्र तुमच्या मुलीच्या हातून येतंय. डॉक्टरांनी मला काल भर दवाखान्यात विचारलं, "काका, पुरुषांनी जोमासाठी घ्यायच्या त्या गोळ्या घेत नाही ना?" सूनबाई लगेच भिंतीवरचं हृदयाचं चित्र इतकं बारकाईने बघू लागली की जणू उद्या तिची परीक्षा आहे. मी नाही म्हणालो, आणि ते खरं आहे. पण ते म्हणाले, त्या गोळ्या आणि ही गोळी एकत्र आली तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस जागेवर जातो. तेव्हा मला तुम्ही कातरून ठेवलेली ती जाहिरात आठवली, "पुन्हा पंचविशी" वाली. मी काही विचारत नाही, तुम्हीही मला काही सांगू नका. पुडीवर नुसता झाडपाला लिहिला असला तरी आत काय असतं ते देवाला ठाऊक. घेत असाल तर आजच थांबवा आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. लाजू नका. पंचविशी तुमची मी पाहिलेली नाही, पण आत्ताचे तुम्ही मला पुरेसे आहात.

ता. क. दुसरा. मी डॉक्टर नाही हे एव्हाना सिद्ध झालंय. त्यामुळे वर लिहिलेलं सगळं खरं असलं तरी माझ्या भरवशावर काही करू नका, डॉक्टरांना विचारूनच करा. मी चुकीचं सांगितलं तेव्हा तुम्ही बिनबोभाट ऐकलंत आणि बरोबर सांगितलं तेव्हा कारण मागितलंत, याचं मला अजून वाईट वाटतं.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. गुरुवारी मला तपासणीला बोलावलंय. त्या चालत्या पट्ट्यावर चालवून बघणार, मग पुढचं ठरवणार. सूनबाईला आणि आमच्या हिला मी सांगितलंय की किरकोळ आहे, तुम्ही येऊ नका. पण मला भीती वाटते, व्याहीबुवा. म्हणून काल दवाखान्यातून बाहेर पडताना मी गुरुवारचे दोन नंबर लावून आलो, अकरावा आणि बारावा. अकरावा तुमच्या नावावर आहे. बुधवारी मुक्कामाला या. जिना चढू नका, खालूनच हाक मारा, मी उतरून येतो.